उंचावरचा डोळा

देपालपूरच्या आमच्या शाळेत परवा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, जमिनीवर रडार असताना ते पुन्हा विमानात कशासाठी?" मी त्याला गच्चीवर नेले. अंगणातून न दिसणारी माळव्याची शेते तेथून दूरवर दिसू लागली. रडारच्या लहरीही नजरेसारख्या सरळ जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे दोन मीटर उंचीवरून क्षितिज पाच किलोमीटरवर असते. नऊ किलोमीटर उंचीवरून सुमारे ३४० किलोमीटरवर. म्हणून जमिनीलगत लपून येणारे शत्रूचे विमान उंचावरून लवकर दिसते.

हा डोळा आपणांस सहज लाभला नाही. ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ चाचणीच्या ॲव्ह्रो विमानाच्या पाठीवरील रडारची तबकडी निखळली. विमान कोसळून आठ जणांनी प्राण गमावले. काम थांबले, परंतु साधना विझली नाही. बंगळूरच्या त्याच संस्थेने पुढे न फिरणाऱ्या अँटेनाचे 'नेत्र' घडविले व २०१७ मध्ये ते वायुदलास मिळाले.

"त्या आठांची नावे आपल्या पुस्तकात आहेत?" मुलाने विचारले. नाहीत, असे सांगताना माझी मान खाली गेली. पुढच्या ११ जानेवारीस ती आमच्या फळ्यावर असतील.