हिमनदीच्या वाटेवरील बाजार

गिर्यारोहण हा धैर्याचा विषय आहे, हिशेबाचा नव्हे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ज्या दिवशी साहसाला दर लावला जातो, त्याची जाहिरात होते आणि ते हप्त्यांवर मिळू लागते, त्या दिवशी ते बाजारात दाखल होते. मग बाजारातील कोणत्याही वस्तूविषयी जे प्रश्न विचारावे लागतात, ते त्याच्याविषयीही विचारणे भाग पडते. पैसे कोण मोजतो, लाभ कोणाच्या पदरी पडतो आणि नुकसान झालेच तर ते कोणी सोसायचे?

नाशिकला हे प्रश्न परके राहिलेले नाहीत. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, त्या द्वारका परिसरात सुटीच्या दिवशी पहाटे पाठीवर पिशव्या बांधलेली तरुण मुले बसची वाट पाहताना हमखास दिसतात. पूर्वी ही मंडळी साल्हेर, हरिहर किंवा कळसूबाईला निघालेली असत. आता त्यांपैकी अनेकांच्या बोलण्यात हिमालयातील खिंडी, बर्फाचे उतार आणि हिमनद्या असतात. शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी अशा घरांतील ही मुले आहेत. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे आणि जेमतेम मिळालेली आठवड्याची रजा एवढ्या भांडवलावर ती चार हजार मीटरांच्या वर जाऊ पाहतात. त्यांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचा या लेखाचा हेतू नाही. चार भिंतींच्या बाहेर पडणारा विद्यार्थी कोणत्याही शिक्षकाला प्रियच असतो. परंतु त्याला विकली जाणारी वस्तू काय प्रतीची आहे, हे पाहणेही शिक्षकाचे काम आहे.

सह्याद्री काय शिकवत नाही

महाराष्ट्रातील गिर्यारोहणाला उज्ज्वल परंपरा आहे. १९८८ साली वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मराठी तरुणांनी कांचनगंगेची मोहीम आखली. तीत संजय बोरोले यांना प्राण गमवावे लागले. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या मोहिमेतील सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या आठ जणांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तेच शिखर गाठले आणि २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर पोहोचले. या यशामागे वर्षानुवर्षांची उमेदवारी होती. सह्याद्रीचे कडे, मग हिमालयातील लहान शिखरे, मग मोठी शिखरे, अशा पायऱ्या ओलांडीत ही माणसे तेथवर गेली.

आज विकल्या जाणाऱ्या सहलींत नेमक्या या पायऱ्याच गाळल्या जातात. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर; त्याची उंची १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास मात्र साधारणपणे २५०० मीटरांच्या पुढे जाणवू लागतो. म्हणजे सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या पट्टीच्या गडीमाणसालाही आपले शरीर त्या उंचीवर कसे वागेल, याचा अनुभव महाराष्ट्रात मिळूच शकत नाही. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची दररोज सुमारे ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय दंडक आहे. तो तरुणालाही लागू आहे आणि धडधाकट माणसालाही. फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागले, की तातडीने खाली उतरणे हाच खरा उपाय असतो.

हिमनदीची भाषाही वेगळी आहे. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा दडलेल्या असतात. सकाळी घट्ट असलेला उतार दुपारच्या उन्हात सैल होतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर ‘द्रौपदी का डांडा-२’ या शिखराच्या वाटेवर हिमस्खलन कोसळले. सत्तावीस मृतदेह हाती लागले, दोघे बेपत्ताच राहिले. १९६५ साली स्थापन झालेली ही देशातील अग्रगण्य प्रशिक्षण संस्था. तज्ज्ञ प्रशिक्षक बरोबर असताना जर पर्वत इतका निर्दय होऊ शकतो, तर आठवड्याच्या रजेवर आलेल्या नवख्याने किती सावध असावे? जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल परिसरात कर्नाटकातील बावीस जणांचा चमू खराब हवामानात सापडला आणि त्यांतील नऊ जण दगावले. ती तुमच्या-आमच्यासारखीच मध्यमवर्गीय माणसे होती.

चांगला व्यापारी मागे का पडतो?

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या बाजारात वस्तूचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला कळत नाहीत, तेथे चांगला माल हळूहळू बाहेर फेकला जातो. घेणारा प्रत ओळखू शकत नसल्याने तो फक्त किंमत पाहतो. उत्तम मालाला योग्य किंमत मिळत नाही आणि निकृष्ट माल तेवढा बाजारात उरतो.

हिमालयातील सहलींचा बाजार हे याचे चपखल उदाहरण होय. समजा, एका संयोजकाने विरळ हवा अंगवळणी पडावी म्हणून दोन दिवस जादा ठेवले, दर आठ जणांमागे प्रशिक्षित वाटाड्या दिला, प्राणवायूची नळकांडी आणि दोर बरोबर घेतले आणि ओझेवाल्यांचा विमा उतरवला. त्याचा दर साहजिकच वाढणार. दुसऱ्याने हे सर्व वगळले आणि सहल दोन दिवसांनी आटोपती घेतली. जाहिरातीत दोघांचीही छायाचित्रे सारखीच सुंदर दिसतात. तेच निळे आकाश, तेच शुभ्र शिखर. फरक उरतो तो रुपयांचा आणि रजेच्या दिवसांचा. आपल्या कारकुनाला आणि विद्यार्थ्याला या दोन्हींचीच टंचाई. निवड कोणाची होणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको.

म्हणूनच ‘ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी’ हा उपदेश येथे तोकडा पडतो. हिमाचलातील एका पदभ्रमणात मुलगा गमावलेल्या आई-वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. साहसी उपक्रमांसाठी राज्य शासनाने २०१४ मध्ये नियम केले, २०१८ मध्ये ते सुधारले आणि २०२१ मध्ये नवे साहसी पर्यटन धोरण आणून संयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु पैसे नाशिकमध्ये भरलेले, संयोजक मुंबईचा, वाटाड्या गढवालचा आणि अपघात उत्तरकाशीत, अशी स्थिती असली म्हणजे जबाबदारीचे ओझे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर सरकत राहते.

किंमत मोजणारा दुसराच

या व्यवहारात आणखी एक पक्ष असतो आणि तो छायाचित्रात सहसा दिसत नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. पाहुण्या गिर्यारोहकांसाठी दोर आणि सामान वर नेण्याचे काम ते करीत होते. नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना प्रथम देऊ केलेली तातडीची मदत होती ४०,००० नेपाळी रुपये. शेर्पांचा संताप उफाळून आला आणि त्या हंगामात त्या बाजूचे काम ठप्प झाले. शिखरावर पाहुणा एकदा जातो. त्याच्यासाठी त्या धोक्याच्या पट्ट्यातून शेर्पा अनेकदा ये-जा करतो. सुखाचा वाटा एकाचा आणि धोक्याचा वाटा दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. सहलीचा दर घासाघीस करून खाली आणताना ही कपात शेवटी कोणाच्या मजुरीतून, कोणाच्या बुटांतून आणि कोणाच्या विम्यातून होते, याचा विचार आपण करतो काय?

दुसरा मुका पक्ष म्हणजे खुद्द हिमनदी. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांची झीज २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्क्यांनी अधिक वेगाने झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचे वर्ष म्हणून पाळले, ते उगाच नव्हे. या झिजेचे मुख्य कारण पदयात्री नव्हेत, जगाचे तापमान हे आहे; हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु जे आधीच खंगत आहे, त्याच्या अंगावर कचरा आणि गर्दी लादण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. गोदावरीला ‘गंगा’ म्हणणाऱ्या आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी पाहणाऱ्या नाशिककराला गर्दी पाण्याचे काय करते, हे निराळे शिकवावे लागू नये. आपल्याच जिल्ह्यातील हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळ्यात एवढी झुंबड उडू लागली, की वनखात्याला संख्येवर मर्यादा घालावी लागली.

दर वाढवावा की संख्या बांधावी?

गर्दी आवरण्याचे दोन मार्ग आहेत. एक नेपाळचा. मे २०१९ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याखाली माणसांची रांग लागली. त्या हंगामात नेपाळने ३८१ परवाने दिले होते. एव्हरेस्टवर अकरा जण मृत्युमुखी पडले; त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. पुढे सप्टेंबर २०२५ पासून नेपाळने परवान्याचे शुल्क ११,००० डॉलरांवरून १५,००० डॉलरांवर नेले. दुसरा मार्ग गोमुखाचा. तेथे २००८ पासून दररोज दीडशे जणांनाच परवाना मिळतो.

नुसता दर वाढविल्याने श्रीमंताची वाट मोकळी होते, अनुभवी माणसाची नव्हे. ज्याच्या खिशात पैसा आहे, त्याच्या पायांत बळ असतेच असे नाही. शिवाय पर्वत ही श्रीमंतांची मिरास ठरावी, हे कोणत्याही लोकशाही समाजाला शोभणारे नाही. संख्येची मर्यादा त्या मानाने न्याय्य. वेळेवर अर्ज करणाऱ्या प्राथमिक शिक्षकालाही तीत स्थान असते. मात्र सरसकट बंदी हा उपाय नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने उंचावरील कुरणांत रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. कुरणांना उसंत मिळाली, परंतु वाटाडे, खेचरवाले आणि स्वयंपाकी यांच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला. सबब संख्या बांधावी, हिमनदीवरील वाटांसाठी मूलभूत प्रशिक्षणाची अट घालावी आणि स्थानिकांच्या मजुरीचा व विम्याचा किमान दर ठरवून द्यावा, हाच मधला आणि योग्य मार्ग होय.

आपल्या हाती काय?

शासन हे करील तेव्हा करील. तोवर ग्राहकाने आपले अज्ञान कमी करणे, हाच या बाजारावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. कोणत्या दिवशी मुक्काम किती उंचीवर आहे? विश्रांतीचा दिवस कोणता? वाटाड्याने कोणत्या संस्थेत प्रशिक्षण घेतले? कोणी आजारी पडल्यास त्याला घेऊन खाली कोण उतरणार? ओझे वाहणाऱ्यांचा विमा आहे काय? ज्याला उत्तरे देता येत नाहीत, त्याला पैसे देऊ नयेत. महाविद्यालयांनीही सहलीचे परवानगीपत्र देताना हेच प्रश्न विचारण्याचा शिरस्ता पाडावा. चार महाविद्यालयांनी जरी हे केले, तरी जिल्ह्यातील प्रामाणिक संयोजकाला त्याच्या प्रामाणिकपणाचा मोबदला मिळू लागेल.

आणि रजा सातच दिवसांची असेल, तर सात दिवसांत बसणारी, कमी उंचीची वाट निवडावी. पर्वताला आपल्या हजेरीपटाशी कर्तव्य नाही. शिखराच्या अलीकडून परत फिरण्यात नामुष्की आहे, ही समजूत ज्या दिवशी आपल्या तरुणांच्या मनातून जाईल, त्या दिवशी महाराष्ट्रातील गिर्यारोहण खऱ्या अर्थाने वयात आले असे म्हणता येईल.