घोडे मोजण्याआधी भुई पाहा



यंदाच्या मृगात माझी फजिती झाली, ती आधी सांगून टाकतो. दोन दिवस पाऊस पडला, तिसऱ्या दिवशी ऊन आले आणि मला राहवेना. ओढ्याकाठच्या काळ्या पट्टीत ट्रॅक्टर घातला. आमचे तात्या बांधावरून ओरडत होते, "अरे, अजून वाफसा नाही, रुतशील!" मी ऐकले नाही. चौथ्या तासाला गाडी अडली. मी आणखी जोर दिला, तशी मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि ट्रॅक्टर आखापर्यंत खाली गेला. दुसऱ्या दिवशी फळ्या घालून, शेजाऱ्यांच्या दोन बैलजोड्या लावून तो बाहेर निघाला.

रात्री जेवताना थोरला मुलगा म्हणाला, "आबा, आपला पस्तीस एच.पी.चा आहे. पन्नासचा असता तर निघाला असता." घरची कारभारीण भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि हप्ता कोण भरणार?"

मंडळी, हा प्रश्न तुमच्याही घरात निघत असेल. पन्नासचा असता तर खरेच निघाला असता का? याचे उत्तर ज्यांच्याकडे आहे ते शेतकरी नव्हेत. ते आहेत रणगाडे बनवणारे लोक. रस्ता नसलेल्या भुईवरून पन्नास-साठ टनांचे धूड चालवायचे, तेही वरून गोळे पडत असताना, हा त्यांचा धंदा. आणि गंमत अशी, की त्यांची विद्या मुळात शेतातूनच गेलेली आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात स्टॉकटन नावाचे गाव आहे. तिथल्या नद्यांच्या मुखाजवळची जमीन गाळाची, लोण्यासारखी मऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे वाफेवर चालणारे ट्रॅक्टर तिथे माझ्यासारखेच रुतायचे. बेंजामिन होल्ट नावाच्या कारखानदाराने आधी चाके रुंद करून पाहिली. रुंद करता करता एका ट्रॅक्टरची रुंदी ४६ फुटांवर गेली! तो वळायचा कुठे आणि ठेवायचा कुठे? मग १९०४ सालच्या नोव्हेंबरात त्याने मागची चाके काढली आणि त्या जागी लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला. म्हणजे आपण रुतलेल्या गाडीपुढे फळ्या टाकतो ना, तसेच. फक्त हा ट्रॅक्टर आपल्या फळ्या आपणच पुढे अंथरायचा आणि मागून उचलून घ्यायचा. एका छायाचित्रकाराला ती चाल सुरवंटासारखी वाटली, आणि 'कॅटरपिलर' म्हणजे सुरवंट हेच नाव त्याला पडले.

पुढे १९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. होल्टचे ट्रॅक्टर जड तोफा ओढायला गेले. चिखलातून हे यंत्र जाते, तर त्यावर पोलाद चढवून तोफ का बसवू नये, असा विचार इंग्रजांच्या मनात आला. ते काम दिले लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर कंपनीला. ही कंपनी कशासाठी प्रसिद्ध होती? मळणीयंत्रांसाठी! अमेरिकेहून आणलेले ट्रॅक्टरचे पट्टे त्या वजनाखाली टिकेनात, म्हणून १९१५ च्या सप्टेंबरात त्यांनी नवा पोलादी पट्टा घडवला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. वजन २८ टन आणि इंजिन अवघे १०५ अश्वशक्तीचे. टनाला चार घोडेसुद्धा नाहीत. माणसाच्या चालीने ते चालत आणि वाटेत बंदही पडत. पण चाकाची गाडी जिथे उभीही राहिली नसती, तिथून ते पुढे सरकले.

असे कसे झाले? इथे थोडा हिशेब करू. साठ किलोचा माणूस चालताना एका पावलावर उभा असतो. पाऊल साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे भुईच्या दर चौरस सेंटिमीटरवर ०.४ किलो भार पडला. टायरचा दाब ढोबळमानाने त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचा साधारण एक किलो, मालट्रकचा सहा-सात किलो. आता आपला अर्जुन रणगाडा घ्या. वजन ५८ टनांच्या वर, पण रुंद पट्ट्यांमुळे दाब सुमारे ०.८५ किलो. म्हणजे तीस ट्रॅक्टरांच्या वजनाचा तो डोंगर भुईला तुमच्या ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा हलका लागतो!

म्हणजे पट्टा बसवला की चिखलाची भीती संपली काय? मुळीच नाही. १९६५ सालची गोष्ट ऐका. सप्टेंबर महिना, पंजाबात खेमकरणजवळचे असल उत्तर हे गाव. पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते. त्यांतल्या मोठ्या पॅटनचे वजन पंचेचाळीस टनांच्या आसपास आणि इंजिन ८१० अश्वशक्तीचे. आपल्याकडचा सर्वांत दणकट सेंच्युरियन ६५० अश्वशक्तीचा, आणि बाकीचे शर्मन तर दुसऱ्या महायुद्धातले. घोडे मोजले तर आपण मागे होतो. पण शेते आपली होती. उसाचे फड उभे होते, त्यांत पाणी सोडले गेले. आपले रणगाडे उसात दबा धरून बसले. पॅटन आले ते त्या रबडीत अडकले. पट्टे फिरत राहिले, खड्डा करत राहिले, आणि रणगाड्याचे पोट भुईला टेकले. पोट टेकले की ८१० घोडे काय आणि आठ हजार काय! आपल्या नोंदीप्रमाणे पाकिस्तानने तिथे ९७ रणगाडे गमावले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले आणि तिथेच प्राण दिला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. शर्मन रणगाड्यांच्या डेक्कन हॉर्स तुकडीचे नेतृत्व करत होते आपल्या अलिबागचे अरुण वैद्य. त्यांना महावीरचक्र मिळाले आणि १९८३ साली ते लष्करप्रमुख झाले.

म्हणून रणगाडे घडवणारे लोक नुसते घोडे मोजत नाहीत. ते तीन गोष्टी विचारतात. भुईवर दाब किती? एका टनामागे घोडे किती? आणि इंजिनाला श्वास मिळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचा नमुना अर्जुनच आहे. त्याला १९७४ साली मंजुरी मिळाली. इंजिन जर्मनीचे, १,४०० अश्वशक्तीचे; टनाला जवळजवळ २४ घोडे. नवा अर्जुन सुधारणा चढता चढता ६८ टनांचा झाला, इंजिन तेवढेच राहिले, आणि घोडे टनाला साडेवीसवर आले. वजनाने ताकद खाल्ली. आपल्या पस्तीसच्या ट्रॅक्टरलाही टनाला वीसच्या आसपास घोडे असतात, हे मुलाला सांगितले तेव्हा तो चाट पडला.

तिसरा प्रश्न लडाखचा. पाच हजार मीटर उंचीवर हवा निम्मी होते. इंजिनाला धाप लागते. म्हणून तिकडच्यासाठी पंचवीस टनांचा जोरावर हा हलका रणगाडा घडवला गेला. आणि २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरला १,५०० अश्वशक्तीचे देशी इंजिन पहिल्यांदा सुरू झाले. तेवढी उंची, आणि उणे ४० पासून ५५ अंशांपर्यंतचे हवामान सोसावे, असे ते आखले आहे. चाकांच्या लष्करी गाड्यांचे असेच काम आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वाहन संशोधन संस्थेत चालते. पाण्यात तरंगणारी आठ चाकांची चिलखती गाडी तिथलीच. त्या बाजूला गेलात तर लष्कराचे रणगाडा संग्रहालय मुलाबाळांना जरूर दाखवा.

आता आपल्या घरी येऊ. पन्नासचा ट्रॅक्टर त्या दिवशी निघाला असता का? माझे उत्तर, नाही. तो वजनाने अधिक, म्हणून आणखी खोल गेला असता. ओल्या भुईला तुमचा हप्ता कळत नाही.

रणगाडेवाल्यांकडून तीन गोष्टी घ्या. एक, मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर औत घाला. तसाच राहिला तर घरी या. दोन, ट्रॉली ओढताना टायरात जी हवा ठेवता, तीच शेतात ठेवू नका. कंपनीच्या पुस्तकात शेतासाठी जो आकडा आहे, तेवढीच ठेवा. तीन, जादा वजन भुईत खोल बसते. वरची ढेकळे कुळवाने फुटतात, पण फूटभर खाली बसलेला थर वर्षानुवर्षे मुळ्यांची वाट अडवतो. तेव्हा मोठे यंत्र घेण्याआधी आपली पट्टी चिबड आहे का, वर्षात काम किती दिवस आहे, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. बायकांनाही विचारा, कर्जाची वही त्यांना तोंडपाठ असते.

चाक फिरू लागले, की जोर देऊ नका. थांबा, उतरा, फळ्या आणा. होल्टनेही तेच केले होते.

तात्यांची मी माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "भुईला विचारून चाललं, की ती पाय देते."

पुढल्या अंकात भेटू. राम राम!