पाणी किती वाजेपर्यंत येते?

यंदा या सदराकडे एकाच मजकुराची पत्रे पुष्कळ आली. “लॅपटॉप धडधाकट आहे, पण दुकानदार म्हणतो, नवा घ्या. लिनक्स घालावे म्हणतो. पण कोणते?”

दुकानदार अगदीच खोटे बोलत नाही. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांना आपल्या पंक्तीला बसू देत नाही. पण म्हणून चालते यंत्र रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवायचे, हे आपल्यासारख्यांच्या जिवावर येते.

लिनक्स म्हणजे १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेला गाभा. नुसता गाभा म्हणजे कोरडे तांदूळ! ते शिजवून, वर वरण-तूप घालून जे पान वाढतात, त्याचे नाव ‘डिस्ट्रिब्यूशन’. तांदूळ तोच, कोणाकडे वरणभात, कोणाकडे मसालेभात. अशी पाने शेकड्यांनी मांडलेली असल्यामुळे नवखा माणूस गांगरतो.

अहो, भाड्याची जागा घेताना आपण भिंतीचा रंग पाहत नाही. नळाला पाणी किती वाजेपर्यंत येते, ते आधी विचारतो. इथले पाणी म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलात निघते व तिला पाच वर्षे पाणी येते. डेबियनचा संसार १९९३ पासूनचा. तिथे तीन वर्षे नेहमीची आणि पुढे दोन वाढीव. फेडोरा टवटवीत खरी, पण तिची आवृत्ती सुमारे तेरा महिन्यांत आटोपते. आर्चला आवृत्तीच नाही. ती रोज थोडी थोडी बदलते. ज्याला स्क्रू-पाना हातात घेऊन बसण्याची हौस, त्याने तिच्या वाटेला जावे.

दुसरा प्रश्न घरमालकाचा. सेंटओएस ८ वर पुष्कळांनी आपले सर्व्हर थाटले होते. २०२९ पर्यंत निश्चिंती होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने सांगितले, २०२१ च्या अखेरीस मुक्काम संपला. मग रॉकी आणि अल्मा ही दोन नवी घरे उभी राहिली, आणि लोकांनी गाठोडी उचलली. फुकट राहणाऱ्याने घरमालकाचा स्वभाव जाणून असावे, तो यासाठी.

तेव्हा माझे मत असे. घरच्या लॅपटॉपला लिनक्स मिंट द्यावे; मेनू डाव्या कोपऱ्यात, विंडोजसारखाच, म्हणून आजोबाही बुजत नाहीत. सर्व्हरला डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती. सर्व्हरला रूप नको, झोप हवी; त्याची नव्हे, आपली!

एक मात्र पाळावे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन तपासा. हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालणारे असेल, तर बेत तिथेच थांबवा. आणि मुलांचे फोटो, विम्याचे कागद, सारे वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क उघडून पाहिल्याशिवाय ‘इन्स्टॉल’चे बटण दाबू नका. लिनक्स फुकट पुन्हा मिळते; बारशाचा फोटो मिळत नाही.