आवाजाला चेहरा फुटला

आकाशवाणीवर बातम्या देणारा माणूस नाव सांगून मोकळा होई. तो गोरा की सावळा, तरुण की टक्कल पडलेला, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचे नाव घरोघर ठाऊक होते. त्यांना पाहिलेले मात्र किती जण असतील? आमच्या केळव्यात तर बातम्या ऐकण्यासाठी कोणी हातातले काम सोडीत नसे. बायका विड्याची पाने मोजून रचीत, पुरुष माणसे वाडीत निघण्याची तयारी करीत आणि कान तेवढे रेडिओकडे असत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे त्या आवाजाने सांगितले की होड्या वर ओढल्या जात. न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर एका दिवसाची कमाई सोडायची, हा काही लहानसहान विश्वास नव्हे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि या आवाजाला चेहरा फुटला. तिथले पहिले मराठी वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे. ते आकाशवाणीवर बातम्या देऊन आलेले. वाटते तितकी ही बदली सोपी नव्हती, बरे का! रेडिओवर नजर कागदावरून हलली नाही तरी चालते. कागद वाजू दिला नाही आणि श्वास नको तिथे तुटू दिला नाही की झाले. दूरदर्शनवर मात्र वाक्य वाचता वाचता मान वर करायची, समोर पाहात ते पुरे करायचे आणि खाली पाहिले की पुढची ओळ बिनचूक सापडली पाहिजे. समोर अक्षरे सरकवणारे यंत्र त्या काळी कुठले? शिवाय अपघाताची बातमी देताना चेहरा कसा ठेवावा, हा प्रश्न रेडिओने कोणाला कधी विचारलाच नव्हता.

मेहेंदळे यांना हे साधले. बातम्यांपाशी न थांबता ते पुढे कार्यक्रमांतून माणसांना बोलते करू लागले, अधिकारी झाले, पुस्तके लिहिली, ‘मला भेटलेली माणसे’ सांगत गावोगावी हिंडले, विद्यार्थ्यांनाही शिकवले. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. आमच्या मते त्यांची खरी शिदोरी रेडिओचीच. ऐकणाऱ्याला आपण दिसत नाही, हे ज्याने एकदा पचवले, तो दिसू लागल्यावरही शब्दांनाच जपतो.

चेहऱ्याचे कौतुक आम्हांला नव्हते असे नाही. स्मिता पाटील बातम्या द्यायच्या तेव्हा जीनवरच साडी गुंडाळून बसत, ही गोष्ट पुढे सर्वतोमुखी झाली. श्याम बेनेगलांनी त्यांना हेरले तेही त्या बातम्यांमुळेच. नाटकातल्या भक्ती बर्वेही तिथे बातम्या देत. दुसऱ्या दिवशी आळीत साडीची चर्चा पुरेपूर होई. बातमी काय होती म्हणून विचारले की सगळ्या एकमेकींकडे पाहात! प्रदीप भिडे १९७४ मध्ये दूरदर्शनवर आले आणि त्यांच्या आवाजाने ही तक्रार थोडी कमी केली. ते बोलू लागले की स्वयंपाकघरातूनही बातमी कळे.

केळव्याला सगळे जरा उशिराच येते. वरळीच्या मनोऱ्यापासून आम्ही लांब, भोवती माडांची गर्दी, आणि खाऱ्या वाऱ्याने अँटेना गंजायची. निवेदकाचा चेहरा पुष्कळदा मुंग्यांच्या वारुळात बुडालेला असे. मग कोणी तरी कौलांवर चढे, खालून ‘आला, आला, गेला!’ असा ओरडा होई आणि तोवर हवामानाची पाळी आलेली असे. वडीलधारी माणसे तेव्हा काय करीत, सांगू? चित्राचा नाद सोडून डोळे मिटून बसत आणि नुसते ऐकत.

आता तर वाहिन्यांची गणतीच नाही आणि निवेदक उभ्याने, हातवारे करून भांडतात. पावसाळ्यात वीज गेली की आमच्या शेजारच्या काकू कोनाड्यातला ट्रान्झिस्टर काढतात. सेल मात्र आठवणीने आधीच आणून ठेवलेले असतात.