कण्णगीचे नूपुर आणि स्त्रीची साक्ष

चेन्नईच्या मरीना किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या कामराजर सालै या रस्त्यावर कण्णगीचा पुतळा आहे. १९६८ साली तत्कालीन मद्रासमध्ये भरलेल्या दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने तो उभारण्यात आला, डिसेंबर २००१ मध्ये हलविण्यात आला आणि २००६ साली पुन्हा किनाऱ्यावर बसविण्यात आला. या मूर्तीच्या हाती अग्नी नाही. उंचावलेल्या हातात एक नूपुर आहे. लोकमानसातील कण्णगी मात्र मदुरा नगरी जाळणारी पतिव्रता आहे, आणि समीक्षेनेही बहुधा हीच प्रतिमा प्रमाण मानली आहे. शोकाने पेटलेली स्त्री ही जणू स्त्रीसामर्थ्याची परमावधी, असा एक समज त्यातून दृढ झाला. तो तपासून पाहावयास हवा. कारण त्याचे परिणाम केवळ काव्यवाचनापुरते मर्यादित राहिलेले नाहीत.

इळंगो अडिगळकृत 'शिलप्पदिकारम्'ची कथा भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. पुहार नगरीतील व्यापारी कोवलन नर्तकी माधवीच्या पायी धन गमावतो, पत्नीकडे परततो आणि तिचे नूपुर विकण्यासाठी मदुरेस जातो. राणीचे नूपुर चोरणारा सोनार त्याच्यावरच आळ घालतो आणि राजाज्ञेने त्याचा वध होतो. यानंतर कण्णगी राजसभेत येते. चोराला मारणे हा अन्याय नव्हे, असे राजा म्हणतो तेव्हा ती विलाप करीत बसत नाही. माझ्या नूपुरात माणके आहेत, एवढेच सांगते. राणीच्या नूपुरात मोती आहेत, असे उत्तर मिळते. मग ती आपले नूपुर फोडते आणि माणूक राजासमोर उडते. आपणच चोर ठरलो हे ओळखून राजा प्राण सोडतो.

या प्रसंगाला कवीने स्वतंत्र सर्ग दिला आहे आणि 'वळक्कुरै कादै', म्हणजे फिर्याद मांडण्याचा सर्ग, असे त्याचे नाव आहे. नगरदाहाचा सर्ग त्यानंतर येतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे. राजा हरतो तो आगीपुढे नव्हे, पुराव्यापुढे. शिवाय तो पुरावा शोकातून निर्माण झालेला नव्हता. नूपुर आधीपासूनच तिच्यापाशी होते आणि त्याच्या पोकळीत काय आहे हे तिला ठाऊक होते. आपत्तीने तिला ज्ञान दिले नाही; असलेले ज्ञान सभेत मांडणे भाग पाडले.

येथे द्रौपदीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कुरुसभेत तिनेही कायद्याचाच प्रश्न विचारला होता: जो स्वतःला हरला, त्याला दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांसारख्या ज्ञात्यालाही त्याचे निश्चित उत्तर देता आले नाही. दोन्ही स्त्रिया युक्तिवाद करतात. भेद आहे तो ऐकणाऱ्या सभेत. पांड्य राजाने घोर अपराध केला, तरी समोर आलेला पुरावा नाकारला नाही. म्हणून शोकांतिकेतील स्त्रीचे सामर्थ्य मोजताना तिने किती सोसले हे पाहणे पुरेसे नाही. तिला काय अवगत होते आणि तिचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी होते काय, हे दोन प्रश्न आधी विचारावयास हवेत.

प्रत्यक्ष जीवन या विचाराला पुष्टी देते. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे तिघेही दुष्काळी काळात, मद्रास इलाख्यातील भ्रमंतीत, भूक व रोगराई यांना बळी पडले. उरलेली बहीण-भावंडे पायपीट करीत उत्तरेकडे गेली आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तरुण रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ही कथा 'दुःखाने घडविलेली विदुषी' अशा थाटात सांगण्याची प्रथा आहे. वस्तुतः दुष्काळाने त्यांना विदुषी केले नाही. आईने मुखोद्गत करून घेतलेले संस्कृत त्या दुष्काळात शिरण्यापूर्वीच त्यांच्यापाशी होते. त्याच दुष्काळात असंख्य स्त्रिया मेल्या. त्यांना शोक कमी झाला होता असे कोण म्हणेल? १८८२ साली पतिनिधनानंतर पुण्यास आलेल्या रमाबाईंनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना आणले. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. त्यांच्या आत्मकथनाचे नावही 'माझी साक्ष' असेच आहे. ती साक्ष मुख्यतः धर्मश्रद्धेची खरी. पण मद्रास इलाख्यात उपाशी मेलेल्या एका कुटुंबाचा वृत्तान्त त्या साक्षीमुळेच शिल्लक राहिला.

कण्णगीच्या पुतळ्याच्या रस्त्यावरच प्रेसिडेन्सी कॉलेज आणि जुने आइस हाउस या दोन वास्तू आहेत. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी जुनी हस्तलिखिते शोधून १८९२ साली 'शिलप्पदिकारम्'ची आवृत्ती प्रसिद्ध केली. १९०३ पासून ते याच कॉलेजात तमिळचे अध्यापन करीत होते. त्यांच्या त्या काळातच, १९११ साली, आर. एस. सुब्बलक्ष्मी ही बालविधवा येथून पदवीधर झाली. मद्रास इलाख्यातील ती पहिली हिंदू स्त्री-पदवीधर मानली जाते. अकराव्या-बाराव्या वर्षी वैधव्य आलेल्या या मुलीला वडिलांनी केशवपनातून वाचवून शिकविले. स्वतः विधवा असलेली मावशी तिच्या पाठीशी राहिली. पुढे सुब्बलक्ष्मींनी बालविधवांसाठी चालविलेले वसतिगृह आइस हाउसमध्ये नांदले. अमेरिकेहून आलेला बर्फ साठविण्यासाठी बांधलेल्या त्या इमारतीत घराने नाकारलेल्या मुली परीक्षांचा अभ्यास करू लागल्या. पुण्यात महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमाने जे केले, तेच येथे एका विधवेने स्वतः केले. रडणाऱ्या मुलीचे सांत्वन करणे आणि तिला शिक्षिकेची पात्रता मिळवून देणे यांतील अंतर सुब्बलक्ष्मींना पुरते उमगले होते.

याच विचाराची एक शाखा तमिळ परंपरेत 'मणिमेकलै' या दुसऱ्या महाकाव्यात आढळते. सात्तनारकृत या काव्याची नायिका माधवीची मुलगी आहे. आईचा व्यवसाय नाकारून ती बौद्ध भिक्षुणी होते, अक्षय पात्राने भुकेल्यांना जेवू घालते आणि राजाला विनवून कारागृहाचे धर्मशाळेत रूपांतर करविते. एकाच आपत्तीतून कण्णगीची आग निघते आणि मणिमेकलैचे पात्रही निघते. पुतळ्याचा मान मात्र पहिलीला अधिक मिळतो. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांचे चरित्र या दुसऱ्या काव्याच्या जवळचे आहे. सुब्बलक्ष्मींप्रमाणेच १८८६ साली जन्मलेल्या या स्त्रीची आई देवदासी समाजातील होती. १९१२ साली त्या मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, पुढे विधान परिषदेत गेल्या व देवदासी प्रथेविरुद्ध लढल्या. मुलींसाठी त्यांनी अव्वै होम काढले. धाकटी बहीण कर्करोगाने गेली, तो शोक त्यांनी उराशी बाळगला आणि १९५४ साली अड्यार येथे कर्करोग संस्था उभी राहिली. मात्र शोक आणि संस्था यांच्या मध्ये वैद्यकाचे शिक्षण होते व पैशासाठी ठोठावलेली अनेक दारे होती, हे विसरता कामा नये.

या मांडणीवर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, नगरदाह काव्यातच आहे आणि चेरराजा चेंगुट्टुवन हिमालयातून शिळा आणून कण्णगीची देवी म्हणून स्थापना करतो हेही काव्यातच आहे. मग दोष वाचकांना का द्यावा? हे खरे आहे. पण देवी झालेल्या स्त्रीला पुन्हा फिर्याद मांडावी लागत नाही आणि समाजालाही ती ऐकावी लागत नाही. काव्याने दिलेला हा शेवट स्वीकारताना त्याची किंमत वाचकाने ओळखली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कोणाची साक्ष ऐकली गेली? सुब्बलक्ष्मींचे वसतिगृह प्रारंभी ब्राह्मण विधवांपुरते होते. मुत्तुलक्ष्मींच्या प्रयत्नांना खुद्द देवदासींपैकी अनेकींनी निवेदने देऊन विरोध केला. १९४७ चा कायदा झाला तेव्हा त्यांचे म्हणणे मागे पडले. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' हे पुढे १९८६ साली ग्रंथरूपाने आलेले लेखन कितीतरी वर्षे घरच्यांपासूनही लपवून ठेवले होते. बामा यांनी कॉन्व्हेंट सोडल्यानंतर लिहिलेले 'करुक्कु' १९९२ साली आले. या लेखिकांना राजसभा सोडाच, घर आणि मठ येथेही श्रोता मिळाला नव्हता. तो त्यांना लिहून मिळवावा लागला. त्यांच्या लेखनाला केवळ 'वेदनेचे साहित्य' म्हणणे म्हणजे नूपुर न पाहता आगीकडे बघत राहणे होय. आपल्या वस्तीचा, भुकेचा आणि अपमानाचा जो तपशील त्या नोंदवितात, तो पुरावा आहे.

म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमांत एक साधा बदल व्हावा. 'शिलप्पदिकारम्'मधील फिर्यादीचा सर्ग, सभापर्वातील द्रौपदीचा प्रश्न, 'माझी साक्ष', 'जिणं आमुचं' आणि 'करुक्कु' ही एकत्र वाचली जावीत. आणि विद्यार्थ्याने प्रत्येक ठिकाणी स्त्री काय सिद्ध करते, कोणापुढे करते आणि तिला कोणते उत्तर मिळते, हे लिहावे. 'स्त्री किती सोशिक' हे उत्तर तेथे पुरे पडणार नाही. मरीनावरून जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्या उंचावलेल्या हातात काय आहे हे सांगता येईल. त्या नूपुरात काय होते, हे सांगता येण्यासाठी काव्य वाचावे लागते.