तापीवर वाघाचा हिशेब झाला, महसीरचा कधी?

बुऱ्हाणपूर : चांदनी-नेपानगर-खकनार पट्ट्यात तापी मेगा रिचार्जची चर्चा आहे. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी करार केला. एकूण 31.13 टीएमसी पाणी, त्यातलं 11.76 मध्य प्रदेशाचं, 19.36 महाराष्ट्राचं. केळी पिकवणाऱ्याला हे पाणी हवंच आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, बोअर किती खोल गेले ते!

पण याच नदीत महसीर आहे. इकडे त्याला बाडस म्हणतात. 2011 पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. पावसाळ्यात तो धारेच्या उलट वर चढतो आणि गोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. खंडवा-अमरावती सीमेवर खारिया गुटीघाटला बंधारा झाला, की ही वाट अडू शकते.

आधीच्या मोठ्या धरणात व्याघ्र प्रकल्पाची जमीन बुडणार होती, म्हणून आराखडा बदलला. वाघ मोजलेला होता, त्यामुळे त्याची बाजू मांडता आली. महसीरचं तसं नाही. नर्मदा-तापीतल्या या जातीला आययूसीएनच्या यादीत ‘अपुरी माहिती’ असा शेरा आहे. म्हणजे मासा सुरक्षित आहे असं नव्हे, धोका किती हे सांगण्याइतक्या नोंदीच नाहीत.

‘मग पिल्लं सोडू’ हा सोपा उपाय वाटतो. कावेरीत तेच झालं. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात वाढवलेला दख्खनचा महसीर 1970 च्या दशकापासून तिकडे सोडला गेला. तो तिथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा मोठा महसीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. म्हणून एखाद्या नदीत मासा पहिल्यांदा सापडला, की आधी विचारायचं : हा इथलाच, की कुणी आणून सोडलेला?

याचं उत्तर नोंदीतून मिळतं. तारीख, डोहाचं नाव, लांबी-वजन, पट्टीसोबत फोटो आणि डीएनएसाठी पंखाचा छोटा तुकडा. मासा परत पाण्यात. हे काम कोळी-भोई बांधवांना सोबत घेऊनच होईल, डोह त्यांनाच ठाऊक.

दोन्ही राज्यांनी मुलताईपासून हतनूरपर्यंत एकच संयुक्त पाहणी करावी आणि निदान एक पूर्ण पावसाळा धरावा. ती बंधाऱ्याच्या आधीच व्हायला हवी. नंतर केलेली पाहणी काय उरलं ते सांगेल, काय गेलं ते नाही.