गेला आठवडा कसा गेला?

मराठीच्या प्राध्यापकाला घरचे लोक एकाच कामासाठी वापरतात, ते म्हणजे कागद वाचायला. लग्नपत्रिका तपासायची असो की बँकेचा अर्ज भरायचा असो, साताऱ्यात मला निरोप येतो. दोन वर्षांपूर्वी असाच सांगलीहून आला. मामांच्या जबड्याला कर्करोग निघाला होता आणि मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या. “तिथं कागद फार देतात रे, तू बरोबर जा,” मामी म्हणाली. मामांची सारी हयात हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून गेलेली. आकड्यांचे त्यांना भय नाही; पण इस्पितळाच्या कागदांपुढे तेही हबकले होते.

शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. मग रोग उलटू नये म्हणून चाललेल्या एका औषधाच्या चाचणीत मामांनी सही केली. पुढच्या खेपेला एक मुलगी हातात कागद घेऊन आमच्या बाकाशी आली. गेल्या आठवड्यात चालताना दम लागला का, झोप आली का, चारचौघांत जेवताना त्रास झाला का, पैशाची ओढाताण झाली का, असे प्रश्न ती विचारू लागली. उत्तरे चारच: अजिबात नाही, थोडेसे, बरेच, खूप.

“अजिबात नाही,” मामा म्हणाले. दुसऱ्यालाही अजिबात नाही. तिसऱ्यालाही.

मी थक्क झालो. ओठाच्या कोपऱ्यातून पेज गळते म्हणून हा माणूस सहा महिने पंगतीला बसलेला नव्हता. वाटी घेऊन स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवत होता. न राहवून मी मध्ये तोंड घातले. मुलगी नम्रपणे म्हणाली, “सर, उत्तर त्यांचंच हवं.” तेव्हा मला राग आला, हे कबूल करतो. वर्गात मुले चुकीचे उत्तर देत असताना गप्प बसण्याची आम्हाला सवय नसते.

नंतर वाचनात आले, की पूर्वी हे उत्तर डॉक्टरच देत असत. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर गुणांची मोजपट्टी केली. धडधाकट माणसाला शंभर, मेलेल्याला शून्य. ती आजही कामाला येते. पण डॉक्टरला रुग्ण खुर्चीत बसलेला दिसतो, भिंतीकडे तोंड करून जेवणारा दिसत नाही. म्हणून रुग्णालाच विचारायची पद्धत आली. युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेची तीस प्रश्नांची पत्रिका १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातले शेवटचे दोन प्रश्न, एकंदर प्रकृती आणि एकंदर जगणे कसे आहे, यांना एक ते सात असे गुण द्यायचे असतात.

याचे महत्त्व एका चाचणीवरून पटेल. परळच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी तोंडाचा-गळ्याचा रोग उलटलेल्या किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. काहींना दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन, तर इतरांना तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. गोळ्यांच्या गटातले निम्मे रुग्ण साडेसात महिन्यांपलीकडे जगले. शिरेतून औषध घेणाऱ्यांत हाच आकडा सहा महिन्यांच्या जरासा पुढे होता. तीव्र दुष्परिणाम गोळ्यांत १९ टक्के, सिस्प्लॅटिनमध्ये ३०. कॅलेंडरवर फरक सव्वा-दीड महिन्याचा. पण सांगलीच्या माणसाला त्यातल्या किती रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बाकावर आणि किती आपल्या अंथरुणात मिळाल्या, हा हिशेब त्याच्याकडेच मागावा लागेल. आणि शेकडो मामा जर भिडेपोटी “अजिबात नाही” म्हणाले, तर कसल्याही औषधाला सद्‌वर्तनाचा दाखला मिळेल!

म्हणून या पत्रिकांच्या भाषांतराला फार जपतात. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करायचे, मग ते एकत्र करायचे, मूळ न पाहिलेल्यांनी ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि शेवटी काही रुग्णांना विचारायचे की, बाबांनो, तुम्हाला यातून काय समजले? तीस प्रश्नांची ही पत्रिका आणि डोके-मानेच्या कर्करोगाची तिची पुरवणी मराठीत व हिंदीत आपल्या रुग्णांवर पारखून घेतल्याचे काम टाटा मेमोरियलमधूनच २००५ साली प्रसिद्ध झाले. आमच्या विषयातल्या किती प्रबंधांच्या वाट्याला इतकी पारख येते, हे मी इथे लिहीत नाही.

परतीच्या गाडीत कराड गेल्यावर मी मामांना छेडले. “मामा, त्रास नाही असं का सांगितलंत?”

बराच वेळ ते खिडकीबाहेरच्या अंधारात पाहत होते. मग अडखळत म्हणाले, “अरे, त्रास मी लोकांना देतोय. मला कोण देतंय?”

कागदावरचा शब्द बरोबर होता, मुलीने तो स्वच्छ वाचला होता. पण मामांना तो तक्रारीसारखा ऐकू आला होता. आणि जिने उशाशी बसून रात्री काढल्या त्या मामीविरुद्ध ते तक्रार कशी करणार?

मी समजावले नाही. एवढेच म्हणालो, “मामा, पेढीवर हळद घेताना काय करत होता?”

“हळकुंड मोडून बघत होतो. वरनं रंग कळत नाही.”

तीन महिन्यांनी तीच मुलगी, तोच कागद. चारचौघांत जेवण्याचा प्रश्न आला तेव्हा मामा थांबले. मुलीने घाई केली नाही, मीही चपलेकडे पाहत राहिलो. “खूप,” मामा म्हणाले. तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. शेवटी सातपैकी पाच गुण त्यांनी दिले. बाहेर आल्यावर हिशेब सांगितला, “एक चव गेली त्याचा कापला, एक बोलणं कळत नाही त्याचा.” जेवणाचा का नाही कापला, हे मी विचारले नाही.

यंदा दिवाळीला आम्ही सगळे सांगलीला जाणार आहोत. चकली मामांना चावत नाही, म्हणून मामी अनारसे दुधात भिजवून देणार आहे. मामांचे पान पंगतीत मांडायचे की नाही, हे मात्र तिने अजून त्यांना विचारलेले नाही. विचारायचे काम तिने माझ्यावर टाकले आहे.